चौथ्या रांगेतली भवानी

आमच्या स्वयंपाकघरात एक ड्रॉवर नुसता झाकणांनी भरलाय. डबे कधी कोणाकडे लाडू घेऊन गेले, कोणाकडे भाजी, ते परत आलेच नाहीत. झाकणं मात्र राहिली. किश्श्यांचंही तसंच होतं. दहा-अकरा वर्षं स्टेजवर उभी राहून लोकांना हसवायचा प्रयत्न करतेय, तर माझ्याकडे आता झाकणंच झाकणं आहेत. एकेक काढून बघते आणि आठवत बसते, ह्याचा डबा मी कुठे घालवला?

दिवसा मी डोंबिवलीतल्या एका शाळेत भूगोल शिकवते. स्टँडअप शनिवार-रविवार. घरी ह्याला अजूनही 'तुझं ते' म्हणतात.

*

पहिला कार्यक्रम आमच्याच सोसायटीच्या गणपतीत. सेक्रेटरींनी माइकवर सांगितलं, "आता बी विंगच्या मंजूताई स्टँडिंग कॉमेडी सादर करतील." मी उभी राहिले. पहिलं वाक्य बोलणार, एवढ्यात तळमजल्यावरचे नाना प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले.

"बसून सांग गं."

"नाना, हे उभं राहूनच असतं."

"असू दे. घरचाच गणपती आहे. बस तू, आम्ही समजून घेऊ."

बसले. बसून स्टँडअप करणारी मी बहुतेक पहिलीच. तीन जोक झाले, कोणी हसेना. आपल्याकडे लोकांना हसू येत नाही असं नाही, पण आधी शेजारच्याकडे बघतात. तो हसला तर हसू, उगाच आपण एकटे कशाला? आणि शेजारचाही आपल्याकडेच बघत असतो.

चौथ्या जोकला मागून आवाज आला. जुनी स्कूटर किकवर सुरू करावी तसा. खॅक. खॅक. आणि तिसऱ्याला खॅखॅखॅखॅ. लोक आधी त्या आवाजाला हसले, मग मला. तो हेमंत. सी विंगला राहायचा, एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होता. खाली उतरल्यावर म्हणाला, "मंजू, पब्लिक गिऱ्हाइकासारखं असतं. एकदा भवानी झाली की मग रांग लागते."

तेव्हापासून आमचा शब्द ठरला. पहिलं हसू म्हणजे भवानी. मी स्टेजवर असले की हेमंत चौथ्या रांगेत बसून भवानी करायचा, तो स्टेजवर असला की मी. चौथीच रांग का? तर त्याचं म्हणणं, पहिल्या तीन रांगा पासवाल्यांच्या, ते कशालाच हसत नाहीत.

*

ह्या शब्दानं एकदा फार घोळ घातला. कल्याणला एका महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं, पाठोपाठ आमचा कार्यक्रम. पडद्यामागून मी हेमंतला जरा मोठ्यानंच विचारलं, "आज चौथ्या रांगेत भवानी कोण आहे?"

माइक चालू होता.

चौथ्या रांगेत पैठणी नेसलेल्या मंडळाच्या अध्यक्षबाई. त्या उठून उभ्या राहिल्या. "मी आहे. काय म्हणणं आहे?"

हेमंत स्टेजवर गेला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही हसल्याशिवाय आम्हाला सुरुवात करता येत नाही. तशी प्रथाच आहे आमच्यात." बाई दोन सेकंद बघत राहिल्या आणि हसल्या. त्यानंतर दीड तास हॉल थांबला नाही. मी नुसती उभी राहिले असते तरी लोक हसले असते.

हे त्याला जमायचं. मला अजून जमत नाही. मी त्या दिवशी पडद्यामागे माइकचं बटण शोधत होते.

*

हेमंतचा शीळफाट्याचा जोक डोंबिवलीत तरी सगळ्यांनी ऐकलेला. तो सांगायचा असा.

"मुलगी बघायला पनवेलला निघालो. आई, बाबा, मामा आणि मी. शीळफाट्याला अडकलो. अर्ध्या तासानं मामांनी काच खाली केली. शेजारच्या गाडीवाल्यांनी पण केली. इकडून शेंगदाणे तिकडे गेले, तिकडून पाण्याची बाटली इकडे आली. तासाभरानं कळलं, त्यांच्या मागच्या सीटवर मुलगी आहे. दीड तासानं पत्रिका जुळली. गाड्या चार फूट पुढे सरकल्या, तेवढ्यात सुपारी फुटली. मग पनवेलवाल्यांचा फोन. 'अहो, कुठवर आलात?' मामा म्हणाले..."

इथे तो थांबायचा. नाकावरचा चष्मा वर करायचा.

"'केळवणापर्यंत.'"

ती मागच्या सीटवरची मुलगी, म्हणजे सुधावहिनी, बहुतेक वेळा हॉलमध्येच असायची आणि दर वेळी बसल्या जागेवरून म्हणायची, "शेंगदाणे नव्हते, फुटाणे होते." हेमंत म्हणायचा, "बघा, वीस वर्षं झाली, अजून ट्रॅफिक सुटलेलं नाही." ह्याला केळवणापेक्षा मोठा हशा यायचा.

मी एकदा विचारलं, हे फुटाण्याचं आधी ठरवलेलं असतं का? वहिनी म्हणाल्या, "ठरवायचं काय? फुटाणेच होते."

*

मग ठाण्यात ओपन माइक सुरू झालं. कोपरीत एका कॅफेच्या माडीवर. चालवणारा तन्मय, वय चोवीस, केसांचा अंबाडा माझ्यापेक्षा मोठा. त्यानं माझे शाळेतले जोक ऐकले आणि शांतपणे म्हणाला, "ताई, छान आहे, पण पर्सनल हवं. लोकांना तुमचं स्वतःचं काहीतरी पाहिजे. काही ट्रॉमा आहे का?"

मी म्हटलं, "दर वर्षी चाळीस मुलांच्या नकाशात गोदावरी अरबी समुद्राला मिळते. ह्याच्यापेक्षा मोठा ट्रॉमा काय असतो?"

तो हसला नाही. त्यानं वहीत लिहून घेतलं, 'गोदावरी, चेक करणे'.

पण त्याचं ते 'स्वतःचं काहीतरी' माझ्या डोक्यात बसलं. मी घरी येऊन बघितलं. नवरा प्रसाद, शांत. सासूबाई, चांगल्या. मुलगी अभ्यास करते. ह्यातून विनोद कसा काढणार? आमचं लग्नसुद्धा विवाह मंडळाच्या फाइलमधून जमलेलं. पान उलटलं, हा बरा दिसतोय, झालं.

*

आता ते सांगते.

ठाण्यात रविवारी दुपारचा शो होता. मोठा हॉल, पाच-सहा जण करणार होतो, शेवटचा नंबर हेमंतचा. सकाळी त्याचा फोन आला, सुधावहिनींच्या पित्ताशयाचं ऑपरेशन अचानक ठरलं. "माझी वेळ तू घे. तुझ्याकडे काहीतरी असेलच."

माझ्याकडे गोदावरी होती. ती सहा मिनिटांत समुद्राला मिळाली आणि माझी अजून सात मिनिटं उरलेली. समोर अंधार, चौथ्या रांगेत ओळखीचं कोणी नाही. आणि माझ्या तोंडातून निघालं, "दुसरीच मुलगी बघायला निघालेली पार्टी शीळफाट्याला आमच्या गाडीशेजारी अडकलेली..."

सुरुवातीला मनात होतं, शेवटी त्याचं नाव घेईन. खरंच होतं. पण 'केळवणापर्यंत' म्हटल्यावर जे झालं ना, ते माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. लोक उभे राहिले. उभ्या असलेल्या लोकांना 'बसा, हा माझा नाही' असं सांगता येत नाही. म्हणजे येतं. मी नाही सांगितलं.

तन्मयनं ते शूट करून इंटरनेटवर टाकलं. आठवड्याभरात आमच्या मुख्याध्यापिकासुद्धा मला बघून 'कुठवर आलात?' विचारायला लागल्या.

हेमंतचा फोन तिसऱ्या दिवशी. मी आधीच सुरू झाले, "अरे, मी नाव सांगणारच होते, व्हिडिओत तो भाग कट होऊन..."

"असू दे गं," तो म्हणाला. "जोक आहे, कोणीतरी सांगायचाच. फक्त 'कुठवर आलात'नंतर अजून जरा थांब. लोकांना मामा दिसू दे."

मी पुढच्या शोला थांबले. अजून मोठा हशा आला. ह्याची मला आज जास्त लाज वाटते.

*

वहिनींना भेटायला गेले तेव्हा शहाळं घेऊन गेलेले. दारातच त्या म्हणाल्या, "या नवरीबाई."

मी शहाळं पुढे केलं.

"बस. माझं लग्न तुझ्या नावावर लागलं की गं. आता संसार पण तूच कर, हा घोरतो फार."

मी हसले, त्या हसल्या, मग पोट धरून म्हणाल्या, "हसवू नकोस, टाके दुखतात." हेमंत आत चहा करत होता. त्याचा तो खॅक आवाज काही आला नाही. म्हटलं, गॅसच्या आवाजात ऐकू आला नसेल.

*

चोरीचा माल घरात ठेवला की घरच्यांना पण सांभाळावा लागतो. प्रसादला ऑफिसात विचारायचे, "मामा हल्ली कुठे असतात?" त्याला मामाच नाही. पहिले दोन महिने तो खरं सांगायचा, मग कंटाळला आणि म्हणायला लागला, "गावी असतात."

सासूबाई तर पुढच्या निघाल्या. भाचीच्या केळवणाला विहीणबाईंना सांगत होत्या, "आमची मंजू ना, आम्हाला शीळफाट्याला मिळाली. मी स्वतः काच खाली केलेली." मी कोपऱ्यात ओढून म्हटलं, "आई, असं काही झालं नव्हतं."

त्या म्हणाल्या, "तू सांगतेस ते चालतं, मी सांगितलं तर खोटं?"

*

हेमंतनं स्टेज सोडलं. भांडण नाही, काही नाही. कधी गुडघा, कधी ऑडिट, कधी 'वहिनीला बरं नाही.' मला लोकांनी मोठमोठ्या हॉलमध्ये बोलावलं, आता भवानी करायला कोणी लागतच नव्हतं. मी नुसतं 'नमस्कार' म्हटलं तरी हसायचे. ह्याला यश म्हणतात बहुतेक. मला दर वेळी वाटायचं, ह्यांना काहीतरी चुकीचं ऐकू आलंय.

खडवलीची गोष्ट मला वहिनींनी सांगितली, तीही भाजीवाल्यासमोर, मेथी निवडता निवडता.

हेमंतच्या कंपनीची पिकनिक होती खडवलीला, नदीकाठच्या एका फार्महाउसवर. रिटायरमेंट जवळ आलेली, सगळे मागे लागले, साहेब, एक होऊन जाऊ द्या. तो उठला. शीळफाटा सांगितला. सगळा, त्याच्या पद्धतीनं, चष्मा वर करून. 'केळवणापर्यंत.'

कोणी हसलं नाही. एक नवीन मुलगी लागली होती पॅकिंगला, ती म्हणाली, "सर, हा मंजूताईंचा आहे ना? आम्ही मोबाइलवर बघितलाय. ढापला का?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय? हा म्हणाला, हो हो, त्यांचाच. मी जरा बघत होतो, मला जमतो का." वहिनींनी मेथीची जुडी पिशवीत टाकली. "मी तिथे होते. फुटाण्याचं बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं माझा हात दाबला."

एवढं बोलून त्या भाजीवाल्याला म्हणाल्या, "कोथिंबीर ताजी दे रे, कालची नको."

*

त्यानंतर महिनाभरानं ठाण्याच्या त्याच हॉलमध्ये माझा एकटीचा शो होता, रविवारी दुपारीच. मी दोघांना स्वतः घरी जाऊन बोलावलं. हेमंत म्हणाला, "बघतो, गुडघा कसा आहे." वहिनी म्हणाल्या, "येतो."

आले. चौथ्या रांगेत, मधल्या दोन खुर्च्या. मी पडद्याच्या फटीतून बघितलं, त्यानं चष्मा पुसला आणि हाताची घडी घातली. तासभर त्याचं हसू ऐकू आलं नाही. बाकी हॉल हसत होता.

शेवटी शीळफाटा. लोक वाटच बघत होते. मी सांगत गेले. शेंगदाण्यांच्या जागी फुटाणे म्हटलं. 'कुठवर आलात'ला थांबले, मामा दिसेपर्यंत. 'केळवणापर्यंत.' टाळ्या. टाळ्या संपू दिल्या आणि म्हटलं,

"हा जोक माझा नाही. मी ढापलाय."

हॉल हसला.

"खरंच. माझं लग्न मंडळाच्या फाइलमधून जमलं. शीळफाट्याला जमलं ते दुसऱ्याचं. तो माणूस तिथे चौथ्या रांगेत बसलाय, शेजारी त्याची बायको. जोक त्याचा, बायको त्याची, मी नुसती मध्ये गाडी घातली."

आणखी हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "मग मामा कोणाचे?"

"मामा पण त्याचेच," मी म्हटलं. माझा आवाज जरा हलला, तर त्याला पण हसले. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. हसून.

मी तिथेच उभी. आता आणखी कसं सांगणार? पाण्याची बाटली उचलली, दोन घोट प्यायले. हॉल हळूहळू शांत झाला. लोक पर्स, पिशव्या गोळा करायला लागले, तन्मयनं पडद्यामागून लाइटची खूण केली.

आणि चौथ्या रांगेतून आवाज आला. खॅक.

खॅक.

मग खॅखॅखॅखॅ, एकट्याचाच, सगळ्या शांत हॉलमध्ये. लोक वळून बघायला लागले. त्याच्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीतल्या अनोळखी काकूंनी त्याच्या दंडाला हलकेच हात लावला. "अहो, जोक संपला मघाशीच."

"हो," हेमंत चष्मा काढत म्हणाला. "मला जरा उशिरा कळला."