दिगंबर भाऊजींची शेरवानी

आमच्या काचीगुड्याच्या घरात एक खुंटी आहे. तिच्यावर दुसरं काही टांगलेलं दिगंबर भाऊजींना खपत नाही. एकदा ह्यांनी विसरून छत्री अडकवली, तर भाऊजी दोन दिवस सख्ख्या भावाशी बोलले नाहीत. ती खुंटी शेरवानीची.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. उदगीरकडच्या शेतकरी घरातले पहिले पदवीधर. ते शिकायला हैदराबादला आले तेव्हा युनिव्हर्सिटीत शेरवानी घालूनच वर्गात बसायची रीत होती. ह्यांनी काळं कापड घेतलं आणि अफझलगंजच्या मास्टरकडे शिवायला टाकलं. मास्टरनं भाऊजींच्या काटकुळ्या अंगाकडे पाहून आत भरपूर कापड दुमडून ठेवलं. म्हणाला, "अभी तो कुछ नई है, मगर पढ़ेगा, खाएगा, फैलेगा." भाऊजी पुष्कळ शिकले, पण फैलावले काही नाहीत. ते आतलं कापड मात्र पुढं फार कामाला आलं.

पदवी मिळाली, रेल्वेच्या कचेरीत नोकरी लागली. बहुतेकांचं कॉलेजशी नातं इथं संपतं. मी स्वतः पुण्याला इंटरपर्यंत शिकले, पण त्या कॉलेजच्या फाटकाचा रंगही मला आता सांगता येणार नाही. भाऊजींचं तसं नव्हतं.

"वहिनी, युनिव्हर्सिटीनं मला माणसात आणलं," ते एकदा जेवताना म्हणाले. "तिला काहीतरी द्यायला पाहिजे."

"जरूर दे," हे म्हणाले. "पण तुझ्याकडं आहे काय?"

भाऊजींनी इकडंतिकडं पाहिलं. खोलीत एक सायकल, एक कंदील आणि खुंटीवरची शेरवानी. त्यांनी शेरवानी द्यायची ठरवलं.

तेव्हापासून परभणी, बीड, नांदेडकडून येणाऱ्या मराठी मुलांमध्ये आमचं घर प्रसिद्ध झालं. ज्याची शेरवानी अजून शिवून व्हायची आहे, ज्याची धुवायला गेली आहे, ज्याला पदवीदानाला नीटनेटकं दिसायचं आहे, तो भाऊजींकडे यायचा. अटी दोनच. घालून जेवायला बसायचं नाही, आणि परत करताना त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते सगळं सांगायचं. मुलं पायरीवर बसून सांगत, भाऊजी डोळे मिटून ऐकत. मध्येच म्हणत, "हौ, हौ, हे आम्हांलाही होतं," आणि असे खूश होत की जणू तासाला स्वतःच बसून आले.

मला आपली वेगळीच काळजी. किती पोरांच्या अंगावरून आलेली वस्तू ती! माझा बाळकृष्ण तेव्हा लहान होता. त्याला खरूज व्हायची या भीतीनं मी शेरवानी उन्हात टाकायची, घडीत कडुलिंबाचा पाला घालायची, तुटलेली बटणं लावायची. जाड मुलगा आला की आतलं कापड सोडायचं, बारीक आला की पुन्हा आत घ्यायचं. शेवटी मास्टरनं हात जोडले. "दिगंबर साब, अब इसमें कपड़ा कम है, टाँके ज़्यादा हैं."

मग पोलीस ॲक्शन झाली. त्या दिवसांत मी बाळूला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही, आणि ते दिवस सरल्यावरही पुष्कळ दिवस टाकू दिलं नाही. राज्य बदललं. उर्दूच्या जागी इंग्रजीतून शिकवायला लागले. मुलं बुशशर्ट घालून वर्गात जाऊ लागली. पायरीवर येऊन बसणारं कुणी राहिलं नाही.

भाऊजींनी दुसरं काही देऊन पाहिलं. तर्कशास्त्राची आपली उर्दू टिपणं घेऊन गेले. तिथं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि टिपणंही अदबीनं परत दिली. मग त्यांनी आवारात कडुलिंबाचं रोप लावलं. ते एका शेळीनं खाल्लं. "म्हणजे तुझी देणगी शेळीला पोचली," हे म्हणाले. भाऊजी हसले नाहीत. दर रविवारी सायकलवरून तिकडं चक्कर मारायचा त्यांचा नेम होता, तोही मोडला. "आता तिथं मला ओळखतं कोण?" असं म्हणून ते पडून राहत. आमच्या घरातला सगळ्यात उत्साही माणूस असा भिंतीकडं तोंड करून पडलेला मला बघवत नसे.

अशात बाळू त्याच युनिव्हर्सिटीच्या कॉलेजात गेला. भाऊजींनी पहिल्या दिवशी शेरवानी पुढं केली, तर म्हणाला, "नक्को काका, पोरं हसतील." आणि पुढच्याच वर्षी एका संध्याकाळी तोच दारातून ओरडत आला, "काका, शेरवानी पाहिजे!"

भाऊजी ताडकन उठले. "कधी? उद्या? वहिनी, पाला झटका!"

"गॅदरिंगच्या नाटकाला. मी नवाब झालोय."

"कसला नवाब?"

"विनोदी. त्याचा बावर्ची त्याला वडी म्हणून साबण चारतो. मग तो फेस काढत नाचतो."

भाऊजी खाली बसले. "अरे, ही घालून मी वहीदसाहेबांपुढं तर्कशास्त्र शिकलो. किती जणांनी ही घालून पदव्या घेतल्या. आणि तू हिच्यात साबण खाणार?"

"पण काका, आता दुसऱ्या कशाला लागते ती?"

बाळू वाईट नाही, पण तोंडाला आवर नाही. भाऊजी उठले, शेरवानीची बाही उगाच सारखी केली आणि आत गेले. रात्री मला वाटलं, आता हा माणूस युनिव्हर्सिटीचं नावही काढणार नाही.

रविवारी सकाळी अंगणात सायकलची घंटी वाजली. भाऊजी निघाले होते. दुपार उलटली तरी पत्ता नाही. अपघातापासून सगळं माझ्या मनात येऊन गेलं, तेव्हा स्वारी घाम पुसत आली.

"वहिनी, नाटक बदललं!"

"म्हणजे?"

"शेरवानी आता प्रोफेसरला. साबण खाणार तो बुशशर्टवाला पदवीधर. मी पोरांना म्हटलं, हसा की, पण स्वतःला हसा."

"आणि पोरं ऐकली?"

"ऐकतात की! त्यांना शेरवानीत बसायचं कसं ते येत नाही. सगळे मागचा घोळ चुरगाळून बसतात. मी बसून दाखवलं, आदाब करून दाखवला. रोज या म्हणतात."

भाऊजी रोज जाऊ लागले. त्यांनी विद्यानगरला जाऊन निवृत्त वहीदसाहेबांनाही आमंत्रण दिलं आणि त्या घटकेपासून त्यांची झोप उडाली. "वहिनी, शेरवानी बघून कुणी फिदीफिदी हसलं, तर म्हाताऱ्याला वाटेल आपण त्यांची थट्टा करायला बोलावलं. मग मी तिथं तोंड दाखवू शकणार नाही."

घरात आता काळजी करणारे दोघं झाले. मला बाळूची. स्टेजवर चक्कर आली तर? निघताना मी त्याला खिचडी आणि चिंचेचा खट्टा वाढला, वर पापड, पुन्हा खिचडी. शेरवानी घालून जेवायचं नाही ही अट आम्ही पाळली. जेवून शेरवानी घातली.

नाटक छान चाललं. पोरानं साबण खाल्ला, लोक हसले. मग बाळू प्रोफेसर होऊन आला, घोळ दोन्ही हातांनी सारखा करून खुर्चीत ताठ बसला आणि श्वास भरून शिष्याला म्हणाला, "बरखुरदार!" त्याबरोबर पोटावरचं बटण टण्णकन उडालं आणि थेट पहिल्या रांगेत वहीदसाहेबांच्या पायाशी पडलं.

मागची पोरं खिदळली आणि लगेच गप्प झाली. भाऊजींनी माझ्या शेजारी डोळे मिटून घेतले.

वहीदसाहेब सावकाश वाकले. बटण उचलून चष्म्याजवळ धरलं. मग मागं वळून सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दिगंबर मियाँ! ये वही शेरवानी है ना? पहले भी इसका बटन हमारी ही तरफ़ आता था!"

असा हशा झाला की पडदा हलला. वहीदसाहेब स्वतः हसून हसून डोळे पुसत होते. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होते भाऊजी. नाटक संपल्यावर दोघं कितीतरी वेळ हातात हात धरून उभे होते. मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली होती आणि बटण कुणाच्या वेळी कुठं उडालं ते ऐकत होती.

शेरवानी त्या दिवशी घरी आली नाही. भाऊजींनी ती गॅदरिंगच्या कपड्यांच्या पेटीत ठेवली, कायमची. म्हणाले, "इतकी वर्षं नुसती उसनी देत होतो. आज दिली."

मला वाटलं, संपलं. आता खुंटीवर छत्री टांगता येईल. पण दर रविवारी सायकल निघतेच. शेरवानीला ऊन दाखवायला पाहिजे, पाला बदलायला पाहिजे, आणि पोरांना बटणं लावता येत नाहीत. मी भाऊजींच्या खिशात सुई, दोऱ्याचं रीळ आणि चार जास्तीची बटणं देते. बाळू यंदाही नाटकात आहे, आणि त्याचं जेवण काही मला कमी करवत नाही.