चाचांची डबलसीट

उभ्या बुलढाणा जिल्ह्यात मे महिन्याच्या उन्हाबद्दल कधीही कुरकुर न करणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले चाचा. डांबर चपलेला चिकटू लागले की हे गृहस्थ उंद्रीहून सायकल काढत आणि अमडापूरजवळच्या आमच्या कॉलेजात दुपारच्या पाळीला हजर होत. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. पण चाचा दुसरा कांदा मागच्या कॅरिअरलाही बांधत, आणि कॅरिअर तर रिकामे असे.

डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून सायकल सुचवल्यापासून मीही उंद्रीहून त्यांच्याबरोबर निघू लागलो. मी प्राध्यापक, ते परीक्षानळ्या धुणारे, तरी रस्त्यावर हुकूम त्यांचा. निघण्याआधी ते कॅरिअर पुसत, वर पाणी शिंपडत, कारण पत्रा तापलेला असतो. मग वाटभर मान किंचित मागे करून हलक्या आवाजात बोलत राहत. मला वाटे माझ्याशीच, म्हणून मी हो हो करी. शेवटी एकदा त्यांनी मोठ्या अदबीने सांगितले, की सर, तुम्ही मधात बोलत नका जाऊ. पुढे चढ आला की ते उतरत, बाभळीच्या सावलीत पाच मिनिटे सायकल धरून उभे राहत आणि मग चढ पायी चढत. कॉलेजात सगळे हसत, मीही हसे. पण रस्त्याचे काम निघाले आणि त्यावर मुरूम पडला, तेव्हा मला दिसले की चाचांच्या मागच्या चाकाची रेघ माझ्या रेघेपेक्षा खोल उमटते. चाचा काडीसारखे आणि मी हा असा. त्या दिवसापासून माझे हसणे बंद झाले.

यंदा ऊन जास्तच कडाडले. प्राचार्यांनी चाचांचा रक्तदाब पाहून त्यांना सकाळची पाळी दिली. चाचा माझ्याकडे आले आणि पाळी बदलू नये असा अर्ज लिहून मागू लागले. तेव्हा सारे कळले. त्यांचा धाकटा भाऊ घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी त्याला ते याच सायकलवर डबलसीट परीक्षेला नेत होते. चढाशी तो म्हणाला, भाई, घडीभर थांब. पेपरला उशीर होईल म्हणून चाचा थांबले नाहीत. चढ संपला तेव्हा त्यांच्या पाठीला टेकलेले डोके हलत नव्हते.

"त्याले दुपारचं ऊन लागलं होतं, सर," चाचा म्हणाले. "सकाळी तो भेटत नाही."

मी अर्ज लिहिला, खणात टाकला आणि नामंजूर झाला म्हणून ठोकून दिले. मला त्यांच्या जिवाची काळजी होती, हे अगदी खरे. चाचा सकाळी येऊ लागले. रक्तदाब उतरला, पण त्यांचे बोलणेही बंद झाले. नळ्या धुताना ते खिडकीतून रस्त्याकडे बघत राहत.

मग एका दुपारी मी एकटाच निघालो. चढाशी सायकल एकाएकी जड झाली. चाकात हवा होती, ब्रेकही घासत नव्हता. वारा पडलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि माझ्या मानेवर कुणाचा तरी कढत श्वास लागत होता.

"भाई आजबी नाही आला काय?" मागून कोवळ्या आवाजात कुणीतरी विचारले.

मागे बघायची माझी छाती झाली नाही. मी उतरलो आणि सायकल सावलीत धरून उभा राहिलो. "नाही आला," मी म्हणालो. "मीच येऊ देल्लं नाही. उद्यापासून येते तुझा भाई."

त्याच दिवशी मी अर्ज प्राचार्यांच्या हातात दिला आणि चाचांपुढे माझे खोटे कबूल केले. ते रागावले नाहीत. आता पुन्हा बाराला आमच्या सायकली निघतात. मी जरा अंतर ठेवून चालवतो. पुढे चाचा कशालातरी हसत असतात. हे ऊन एक दिवस त्यांनाही नेईल, हे मला कळते. त्यानंतर त्या चढाशी माझी सायकल त्या दोघा भावांच्या वजनाने जड होईल, तेव्हा मी उतरून थांबणार आहे.