बांधून ठेवलेला चिनी कोबी

लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. उभे आयुष्य दुसऱ्यांचे निबंध तपासण्यात गेले. साठी उलटल्यावर स्वतःचे चार शब्द आपल्यापुढे ठेवते आहे, आणि तेही एका भाजीविषयी, याबद्दल आधीच क्षमा मागते.

काचीगुड्यातील आमच्या घराच्या भिंतीपलीकडे एक तेलुगू शेजारीण राहत असे. सचिवालयात नोकरीला होती. तिच्या अंगणात सगळी शहाबादी फरशी. म्हणून तिने हौसेने कोठीच्या बाजारातून आणलेले चिनी कोबीचे बी आमच्या परसात पेरले गेले, आणि पुढे दर वर्षी तोच रिवाज झाला. पाऊस सरला की आम्ही दोघी वाफा करीत असू. बाहेरची कोवळी पाने खुडून ती मूगडाळीत घाली, मी पीठ पेरून भाजी करी, आणि भिंतीवरून वाट्या इकडच्या तिकडे होत. आतला गड्डा मात्र थंडी पडेपर्यंत राखायचा. पाने मिटू लागली की ती जुन्या साडीच्या पट्टीने त्यांना सैलसर बांधून ठेवी.

मग तेलुगू राज्याचे दोन भाग झाले, आणि नोकरदारांचीही वाटणी झाली. तिचे माहेर-सासर किनाऱ्याकडचे. तिला तिकडच्या नव्या राजधानीत जाण्याचा हुकूम आला. निघण्यापूर्वी तिने वाफ्यातला सर्वांत भरदार कोबी निवडून बांधला.

"अक्का, संक्रांतकू आतिऊं मैं. ये एक नक्को काटो, मिलके काटेंगे."

संक्रांतीला तिला रजा मिळाली नाही. बाकीचे गड्डे आम्ही खाल्ले. तो एक तसाच राहिला.

"कोबी आहे की घरजावई?" यजमानांनी विचारले. "किती दिवस पोसणार?"

"एकाने काय बिघडते?"

"बिघडणार आहे तोच."

तसेच झाले. उन्हे तापली, गड्डा मधोमध उकलला आणि त्यातून दांडा वर येऊन पिवळ्या फुलांनी भरून गेला. पट्टी मी सोडली नाही.

शिवरात्रीच्या सुमारास ती आली, पण घराच्या किल्ल्या भाडेकरूला देण्यासाठी. परसात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ये क्या किए, अक्का? खाने की चीज को फूलां आने दिए?"

ती हसत होती; फुलांवरून हात मात्र पुनःपुन्हा फिरवीत होती. मग कोवळे दांडे मोडून तिने माझ्याच चुलीवर मूगडाळीत शिजवले. एवढ्या वर्षांत आम्ही प्रथमच एका पंगतीला बसलो. संध्याकाळच्या गाडीने ती गेली.

बी मी अजूनही कोठीहून आणते. यंदाही ती दूरध्वनीवर म्हणाली होती, "संक्रांतकू आतिऊं." संक्रांत होऊन गेली. दुपारी ऊन आता चांगलेच लागते, आणि वाफ्यात एक गड्डा पट्टीने बांधलेला उभा आहे. आपण माझ्या जागी असता, तर तो कापला असता का?