बिलाआधीचा घास

"आ कर बरं," असं म्हणून ते गुडघ्यांवर हात टेकून वाकायचे, खिशातून छोटा टॉर्च काढायचे आणि ट्रॉलीत बसलेल्या पोराच्या तोंडात उजेड पाडायचे. मग कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ होत निकाल सांगायचे, "क्रीमचं बिस्किट. दोन. एक अजून गालातच आहे."

नागपुरात प्रताप नगरजवळच्या आमच्या सुपरमार्केटात मी तीन नंबरच्या बिल काउंटरवर बसते आणि ते तिथे सिक्युरिटी गार्ड होते. सगळे त्यांना काका म्हणत. तुम्ही अशा दुकानांत जात असाल तर पाहिलंच असेल, घरून पोटभर जेवून निघालेलं पोर खाऊच्या रॅकपाशी पोचलं की जन्माचं उपाशी होतं. आईबाप डाळींच्या किमती वाचत असतात, तोवर त्यानं दातांनी पाकीट फोडलेलं असतं.

काका आधी कन्हानकडे कोळशाच्या खाणीच्या गेटवर होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाचे खिसे चाचपायचे, बिडी-माचिस आत जाऊ द्यायची नाही, हे त्यांनी आयुष्यभर केलं. रिटायर झाल्यावर तीच शिस्त त्यांनी आमच्याकडे आणली. फक्त तपासायची माणसं आता तीन फुटांची होती.

त्यांचा नियम एकच. "खाल्लं त खाल्लं. रॅपर फेकायचं नाही. मॅडमले आपल्या हातानं नेऊन द्यायचं." या नियमापायी दिवसभर माझ्या हातात लाळेनं भिजलेली पाकिटं पडायची. मी ती ओढणीनं पुसून स्कॅन करायची आणि काकांकडे डोळे वटारून बघायची. ते तेवढ्यापुरते छताकडे बघत उभे राहायचे.

एकदा एका पोराच्या तोंडात खरोखरच काही सापडलं नाही. "साफ आहे," असं म्हणून काकांनी टॉर्च विझवला, तर पोरानं भोकाड पसरलं. त्याच्या आधी तपासलेल्या मुलीची जीभ नारिंगी निघाली होती आणि याची नुसतीच जीभ! शेवटी त्याच्या आईनं घेतलेला पुडा फोडून एक बिस्किट त्याच्या तोंडात कोंबलं आणि त्याला पुन्हा काकांसमोर उभं केलं. काकांनी दुसऱ्यांदा तितक्याच गंभीरपणे तपासणी केली.

मोठ्यांनाही ते सोडत नसत. एक गृहस्थ दर रविवारी द्राक्षांच्या टोपलीपाशी उभे राहून चव बघायचे आणि द्राक्षं न घेताच पुढे जायचे. एका रविवारी काका त्यांच्यापुढे जाऊन अदबीनं म्हणाले, "साहेब, आ करा बरं." आणि गंमत म्हणजे साहेबांनी केला! रांगेतली पोरं इतकी हसली की साहेबांनी त्या दिवशी अर्धा किलो द्राक्षं घेतली.

पण एका दुपारी मी काकांना चिडलेलं पाहिलं. चारेक वर्षांची एक मुलगी चॉकलेट खात रांगेत आली आणि तिच्या आईनं फाडकन तिच्या हातावर मारलं आणि युनिफॉर्ममधल्या काकांकडे बोट दाखवलं. "चोर कुठली! देऊ का पोलीसकाकांकडे?"

"मले नको देऊ वं बाई," काका म्हणाले. आवाज चढलेला होता. "आन् चोर काहून म्हणतेस तिले? चोर लपवते. हिनं त दोन्ही गालाले लावून घेतलं."

बाई ओशाळली. मी चहाच्या सुट्टीत काकांना म्हटलं, "एवढं काय झालं तुम्हाला?" त्यांनी भरलेला कप खाली ठेवला.

"माहा पोरगा सात वर्षांचा होता," ते म्हणाले. "मी कॉलनीच्या दुकानात सामान घेऊन राहिलो होतो. त्यानं बरणीतली एक पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली. मी सगळ्या लोकांसमोर त्याले चोर म्हटलं. मंग कॉलनीतले पोरंही म्हणू लागले. त्या दिवसापासून त्यानं माह्यापाशी काही मांगितलं नाही. वही पाहिजे असली, त मायले सांगे. आता पुण्याले आहे. फोनवर मी विचारतो, काही पाहिजे का गा? नाही म्हणते."

मी त्यांच्यासाठी दुसरा चहा मागवला, तोही त्यांनी घेतला नाही.

आता काका आमच्याकडे नाहीत. ते पुण्याला लेकाकडे राहायला गेले. नवा गार्ड चांगला आहे, पण मुलांकडे बघतच नाही, आणि मला कोरडी, न फोडलेली पाकिटं मिळतात. खरं सांगते, मला करमत नाही.

ते जाण्याआधीचा एक दिवस मात्र सांगायलाच हवा. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा मुलगा नागपूरला आला होता. एका संध्याकाळी तो आपल्या लहान मुलीला घेऊन दुकानात आला. रांगेत वळून बघतो तर ट्रॉलीतल्या लेकीनं बिस्किटाचा पुडा फोडलेला.

"बिल व्हायच्या आधी कशाला उघडलंस?" तो तिच्यावर ओरडला. "चोर आहेस का तू?"

माझा हात की-बोर्डवरच थांबला. काका दोन पावलांवर होते. आता ते बापाला झापणार, असं मला वाटलं. पण ते वाकले नाहीत, टॉर्चही काढला नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"तो शब्द माहा आहे गा," ते लेकाला म्हणाले. "तिले नको देऊ. मले वापस कर. चुकलं माह्यं."

मुलाचा चेहरा सात वर्षांच्या पोरासारखा झाला होता. मुलीला यातलं काही कळलं नव्हतं. तिनं फोडलेला पुडा आजोबांच्या हातात दिला आणि आ केला. काकांनी एक बिस्किट तिच्या तोंडात घातलं.

तेव्हा त्या एवढ्या मोठ्या माणसानं बापापुढे हात केला. "बाबा," तो म्हणाला, "मलेही एक द्या नं."

पहिलं बिस्किट काकांच्या हातून खाली पडलं. त्यांनी दुसरं काढलं. मला रडू आवरेना, आणि रांग पार भाजीच्या टोपल्यांपर्यंत गेली होती, तरी घाई करा म्हणून कुणी म्हटलं नाही.