निमकरकाकांचं हॅम्बुर्ग

निमकरकाकांना खुर्ची सोसायचीच नाही. लंडनच्या हाउन्सलोतल्या आमच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात ते फोनची वायर ताणताणून येरझाऱ्या घालत हॅम्बुर्गशी बोलायचे. पलीकडे युर्गन, आमचा माल तिथल्या बंदरात उतरवून घेणारा क्लार्क. वीस-बावीस वर्षं दोघांनी रोज एकमेकांचा आवाज ऐकला, चेहरा मात्र कधी पाहिला नाही.

युर्गनकडून ऐकलेलं शहर काका आम्हाला ऐकवायचे. "अगं, समुद्र तिथून शंभर किलोमीटर लांब! तरी एवढाली जहाजं नदीतून थेट शहरात. कालव्यांच्या काठी लाल विटांची गोदामं, कॉफीची, गालिच्यांची. नदीखालून बोगदा, त्यात लिफ्टनं उतरायचं. आणि पूल? व्हेनिसपेक्षा जास्त!" मी वैतागून म्हणायचे, "काका, दोन तासांचीसुद्धा फ्लाइट नाही, जा की एकदाचे!" "जाऊ गं. एवढं शिपमेंट क्लिअर होऊ दे." शिपमेंट काय, संपतात होय कधी!

कागदांच्या बाबतीत मात्र कर्दनकाळ. तारखेत एका दिवसाची चूक दिसली की ड्रायव्हर गेटवरूनच परत. "कागद चुकला म्हणजे माल चुकला," असं वर सुनवायचे.

रिटायर झाले आणि बिथरलेच. रोज दुपारी उगाच ऑफिसात येऊन आमच्या फायली उचकटायचे. अशात गेल्या मार्चमध्ये युर्गनचा फोन आला. घशाचा कॅन्सर, गुरुवारी स्वरयंत्र काढणार.

"व्हिडिओ कॉल करा की," मी म्हटलं.

"इतकी वर्षं थांबलो ते स्क्रीनवर बघायला? मला त्याच्यासमोर बसून त्याचा आवाज ऐकायचाय."

मंगळवारचं तिकीट मीच काढलं आणि हीथ्रोलाही मीच सोडलं. चेक-इनच्या मुलीनं पासपोर्ट उलटसुलट करून परत दिला. आधीच्या पासपोर्टचे उरलेले महिने यात जोडलेले, म्हणून मुदत संपायला चार महिने होते, पण काढून दहा वर्षं उलटली होती, आणि ब्रेक्झिटनंतर युरोपला तसा ब्रिटिश पासपोर्ट चालत नाही. मी तिच्याशी भांडायलाच लागले. काकांनी माझा हात धरला. "तिचं बरोबर आहे गं. मी इश्यू डेट बघितलीच नाही." मला रडूच कोसळलं.

नवा पासपोर्ट हाती येईतो शुक्रवार उजाडला, ऑपरेशन होऊन गेलं होतं. शनिवारी काका हॅम्बुर्गला गेले, सोमवारी परत आले. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, तर हॉलमध्ये फेऱ्या चालूच.

"भेट झाली?"

"झाली. मी वॉर्डच्या दारातूनच 'मॉर्निंग, युर्गन' म्हटलं, आणि तो रडायलाच लागला. आवाजावरून ओळखलं त्यानं मला."

"मग झालं तर, काका!"

"अगं, मी नाही ओळखलं त्याला." ते खिडकीपर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, "त्या खाटेवर दुसऱ्या कुणालाही झोपवलं असतं ना, तरी मी त्याचा हात धरून तसाच बसलो असतो."