जीपच्या ऑइलपट्टीची नळी

मंडळी, निमोण्यातल्या आमच्या जुन्या जीपला आज दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन बसवलं. हट्ट माझाच. मी कुरकुंभला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, म्हणून वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, कसंबसं हो म्हटलं.

इंजिन चढलं, पण ऑइल मोजायच्या पट्टीची नळी काही भोकात जाईना. आप्पा हातोडा घेऊनच आले.

"ठोक की तायडे. किती गोंजारतीस?"

"न्हाई आप्पा. चेपली तर ऑइल गळंल आन् इंजिन जाम हुईल."

बॅटरीचा उजेड पाडून भोकात पाहिलं, तर जुन्या नळीचा तुटका तुकडा आतच अडकलेला. त्यात स्क्रू फिरवला आणि पकडीनं ओढून काढला. मग नव्या नळीवर लाकडाचा ठोकळा धरून हलकेच ठोकलं. बसली जागेवर.

इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. खाली एक थेंब नाही. आप्पांनी वाकून स्वतः खात्री केली आणि ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"दौंडपातूर जाऊन येऊ. तूच चालव."

आजवर त्यांनी मला या जीपच्या स्टेअरिंगला हात लावू दिला नव्हता.

तुमच्या घरची गाडी पहिल्यांदा तुमच्या हाती कुणी दिली?