गच्चीवर मोजलेला बर्फाचा उतार

फेब्रुवारीचा तिसरा शनिवार, सकाळी साडेसात. रक्कम पाच हजार रुपये. जळगावात आमच्या गच्चीवर हजर: मी, बायको आणि शेजारचे नाना. नानांनी तीस वर्षे एसटी चालवली, त्यातली बरीचशी घाटात.

रक्कम मुलीने वाटाड्यासाठी मागितली होती. हिमाचलात स्कीइंगचा दुसरा कोर्स संपवून ती दोन दिवस मागे थांबली होती. कोर्सच्या आखलेल्या उतारावरून नव्हे, मागच्या मोकळ्या डोंगरावरून एकदा उतरायचे, एवढेच तिचे म्हणणे. वाटाड्या नऊला निघणार होता. "आधी मी उतार बघतो," असे मी कळवले. मी बर्फ पाहिला आहे तो उसाच्या रसात.

तिने नकाशाचा फोटो पाठवला. उंचीच्या दोन रेषांमध्ये चाळीस मीटर. मी पट्टी लावून हिशेब केला: उंची दोनशे चाळीस, आडवे अंतर तीनशे पंच्याऐंशी, म्हणजे बत्तीस अंश. पण बत्तीस अंश म्हणजे भीती किती, ते कळेना. म्हणून उन्हात पसरलेली दादर, म्हणजे आमची वर्षाची ज्वारी, गोळा करून तिची रास केली आणि मोजली. तीही बत्तीस अंशांवर उभी! एक दाणा हलत नव्हता.

नाना म्हणाले, "भाऊ, उतार कितला शे ते मांगून देखजो. सडक वली शे का कोरडी, हाई पह्यले इचार."

"नाना, ही काय एसटी आहे?"

"मी तेच सांगस. एसटीले ब्रेक तरी ऱ्हातस."

आठ चाळीसला मी मुलीला लिहिले, "बत्तीस अंश. पास. पैसे तू परत आल्यावर देतो."

बायको तोवर खालून उन्हात टाकायची पांघरुणे घेऊन आली होती. "अहो, बर्फ काय दाण्यासारखा सुटा असतो? थरावर थर बसत असतील ना?"

हे मला सुचले नव्हते, म्हणून मी ते खोडून काढायला निघालो. जुने दार कठड्याला टेकवले. दार सात फूट, कठडा साडेतीन, म्हणजे बरोबर तीस अंश. तिने दारावर सॅटिनची रजई बांधली, वर गोधडी पसरली. गोधडी जागची हलली नाही.

"बघ," मी म्हणालो.

"आता बसा तिच्यावर."

बसलो. पुढचे मला नीटसे आठवत नाही. गोधडीसकट मी थेट दादरीच्या राशीत होतो आणि नाना कठडा धरून हसत होते. राशीचे अंश मी पुन्हा मोजले नाहीत.

तीस अंशांना मी घसरलो होतो, आणि तिला बत्तीसला पास केले होते. फोन लावला. लागला नाही. साडेबारापर्यंत एकोणतीस वेळा लावला. मधल्या वेळात दाणे वेचले. नानांचे हसणे कधीच थांबले होते; तेही वेचू लागले.

बारा पस्तीसला तिचा फोन आला. "पप्पा, नाही उतरलो आम्ही. वाटाड्यांनी वर गेल्यावर खड्डा खणला, तर नुसतं फावडं टेकवल्यावर वरचा थर अख्खा सरकला. खाली काचेसारखा गुळगुळीत बर्फ. म्हणाले, कोन चालेल, बर्फ नाही चालणार. मला रडूच आलं तिथे." मग आवाज लहान करून, "तुम्ही तर पास केलं होतं."

"माझं सोड," मी म्हणालो. बायकोने फोन घेतला आणि ती जेवली का ते विचारले.

उतरलेच नाहीत, म्हणून वाटाड्या अर्धेच पैसे मागत होता. अपुऱ्या कामाचे पैसे कापण्यात मी गल्लीत प्रसिद्ध आहे. गच्चीच्या गवंड्याला विचारा. त्या दिवशी एक वाजायच्या आत वाटाड्याच्या खात्यावर, न झालेल्या उतरणीचे, पूर्ण पाच हजार पाठवले.